आमवातासाठी दाबकक्षातील प्राणवायू आणि रक्तगाळणी : आईचा निर्णय होण्यापूर्वी काही प्रश्न

मंजिरी_नेरूळ

नमस्कार. माझी आई ६१ वर्षांची असून ठाण्यात चरईत भावाकडे राहते. तिला नऊ वर्षांपासून आमवात (रुमेटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे प्रतिकारशक्तीच स्वतःच्या सांध्यांवर चालून येण्याचा आजार) आहे. आर ए फॅक्टर आणि अँटी सीसीपी या आमवाताच्या दोन्ही रक्ततपासण्या पहिल्यापासून पॉझिटिव्ह आहेत. दर रविवारी मेथोट्रेक्सेट १५ मिलिग्रॅम, दुसऱ्या दिवशी फॉलिक अॅसिड आणि रोज हायड्रॉक्सिक्लोरोक्विन असे औषध चालू आहे. पाच-सहा वर्षे ती बरी होती, पण गेल्या चार महिन्यांपासून सकाळी तिचे हात दीड-दीड तास आखडलेले राहतात. मूठ वळत नाही, कुकरचे झाकण उघडता येत नाही आणि मेथोट्रेक्सेट घेतल्यावर सोमवारचा पूर्ण दिवस मळमळीत जातो.

तिच्या भजनी मंडळातील एका बाईंनी घोडबंदर रस्त्यावरील एका केंद्राची माहिती दिली. भाऊ तिला तेथे घेऊन गेला. त्यांनी ४० बैठका दाबकक्षातील प्राणवायूच्या (बंद कक्षात दाब वाढवून प्राणवायू देतात) आणि ६ बैठका 'रक्तशुद्धी'च्या सुचवल्या आहेत. या रक्तशुद्धीत रक्त शरीराबाहेर काढून गाळतात आणि परत देतात. त्यांच्या पत्रकावर आमवात मुळापासून बरा होतो, असे छापलेले आहे. तीन महिन्यांत मेथोट्रेक्सेट बंद करता येईल, असेही त्यांनी तोंडी सांगितले. भावाने थोडी आगाऊ रक्कम भरली असून उरलेल्या रकमेसाठी तो आईची मुदत ठेव मोडण्याच्या विचारात आहे.

आईचे म्हणणे साधे आहे. दोष रक्तात आहे असे सगळे डॉक्टर सांगतात, मग ते रक्तच गाळून घेतले तर काय बिघडले? तिला काय उत्तर द्यावे, हे मला कळत नाही. या दोन्ही उपचारांना खरोखर काही आधार आहे का? ज्यांनी हे जवळून पाहिले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

करंजा_उरण

मंजिरीताई, मी नौदलात वैद्यकीय साहाय्यक होतो आणि माझ्या नोकरीचा बराच काळ पाणबुड्यांसाठी (खोल पाण्यात बुडी मारणाऱ्या माणसांसाठी) ठेवलेल्या दाबकक्षाजवळ गेला. त्यामुळे पहिल्या उपचाराविषयी लिहितो. रक्तगाळणीविषयी जाणकारांनी लिहावे.

दाबकक्ष ही खरी वैद्यकीय वस्तू आहे, हे आधी स्पष्ट करतो. आपण श्वासाने घेतलेला प्राणवायू जवळजवळ सगळा हिमोग्लोबिनवर बसून जातो आणि निरोगी माणसाचे हिमोग्लोबिन साध्या हवेतही ९७-९८ टक्के भरलेले असते. म्हणजे तेथे आणखी प्राणवायू बसायला जागाच नसते. दाबकक्षात फरक पडतो तो रक्ताच्या पाण्यात, म्हणजे प्लाझ्मात विरघळणाऱ्या प्राणवायूमुळे. साध्या हवेत १०० मिलिलीटर रक्तात असा जेमतेम ०.३ मिलिलीटर प्राणवायू विरघळलेला असतो, तर तीन वातावरणांच्या दाबाखाली शुद्ध प्राणवायू घेतल्यास तो सुमारे ६ मिलिलीटरपर्यंत जातो. एवढ्यावर विश्रांत शरीराची गरज भागू शकते. १९६० च्या सुमारास अॅमस्टरडॅममध्ये बोरेमा या शल्यविशारदाने डुकरांच्या रक्तातील तांबड्या पेशी जवळजवळ सगळ्या काढून त्यांना केवळ या विरघळलेल्या प्राणवायूवर जिवंत ठेवून दाखवले होते.

म्हणूनच पाणबुड्यांना होणारा वायूचे बुडबुडे धरण्याचा आजार, कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा, वायुकोथ (गॅस गँगरीन), किरणोपचारानंतर न भरणाऱ्या जखमा, मधुमेही पायाच्या काही जखमा आणि अचानक आलेला बहिरेपणा अशा ठरावीक आजारांत हा उपचार मान्यताप्राप्त आहे. दाबकक्षवैद्यकाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मान्य यादीत अशी पंधराच्या आसपास कारणे आहेत. आमवात त्या यादीत नाही.

या क्षेत्राचा इतिहासही सांगावासा वाटतो, कारण तुमच्या प्रश्नाशी त्याचा थेट संबंध आहे. १९२८ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँड येथे कनिंगहॅम या डॉक्टरने ६४ फूट व्यासाचा पोलादी गोल उभारून त्यात रुग्णालयच थाटले होते. पैसा टिमकेन या बेअरिंगच्या कारखानदाराने दिला होता. मधुमेहापासून कर्करोगापर्यंत अनेक आजारांवर तेथे दाबाखालील हवेचा उपचार होत असे. तेथील वैद्यक संघटनेने वारंवार पुरावा मागितला, पण तो कधीच मिळाला नाही. अखेर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो गोल भंगारात गेला. त्या गोलातील दाब खरा होता, यंत्रे खरी होती आणि रुग्णांची आशाही खरी होती; त्या आजारांवर त्याचा गुण येतो, एवढेच कोणी दाखवले नव्हते. आज घोडबंदर रस्त्यावर आपण नेमके तेच विचारले पाहिजे.

दिवेकर_ऐरोली

माझा अनुभव वेगळा असल्यामुळे लिहितो. माझ्या वडिलांच्या पायाला मधुमेहाची जखम होती आणि पंजा कापावा लागेल असे सांगितले होते. शल्यविशारदांनीच दाबकक्षाचे ३० उपचार सुचवले. सोबत जखमेची साफसफाई आणि प्रतिजैविके चालू होती. पाय वाचला. तेव्हा या उपचाराला सरसकट फसवणूक म्हणू नये, एवढीच विनंती आहे.

वाशीकर_पॅथ

दिवेकर, तुमच्या वडिलांचे उदाहरण उपयोगी आहे, कारण त्यातूनच फरक समजतो. जखमेच्या कडेपर्यंत रक्त पोहोचत नव्हते, प्राणवायू कमी पडत होता आणि तो पुरवल्यावर नवी केशवाहिन्यांची जाळी तयार झाली. उपचार आजाराच्या कारणाशी जुळत होता.

आता केंद्रवाले सांगतील की आमवाताच्या सांध्यातही प्राणवायू कमी असतो. ते खोटे नाही. १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मापनात झिजेच्या संधिवातात सांध्यातील द्रवात प्राणवायूचा दाब सरासरी पाऱ्याच्या ४३ मिलिमीटरच्या आसपास आढळला, तर आमवातात तो २७ च्या आसपासच होता. पण हा तुटवडा का होतो, ते पाहा. प्रतिकारशक्ती सांध्याच्या अस्तरावर चालून येते, ते अस्तर सुजून जाड होते, त्यातील पेशी भराभर वाढतात आणि आलेला प्राणवायू त्याच खाऊन टाकतात. तुटवडा हा त्या जळजळीचा परिणाम आहे. पुढे त्या तुटवड्यामुळे नव्या रक्तवाहिन्या फुटून सूज वाढते, हेही खरे. म्हणून संशोधकांना प्राणवायूचे कुतूहल वाटणे स्वाभाविक आहे. मात्र दिवसातून ९० मिनिटे प्राणवायू वाढवल्याने अँटी सीसीपी ही प्रतिपिंडे (अँटिबॉडी, येथे स्वतःच्याच शरीरावर उलटलेली संरक्षक प्रथिने) तयार करणाऱ्या पेशी थांबत नाहीत. शिवाय सुजलेल्या सांध्यात जादा प्राणवायूपासून विघातक प्राणवायू-कण तयार होण्याची शक्यता वेगळीच. आमवातात या उपचाराचे जे अभ्यास माणसांवर झाले, ते मोजक्या रुग्णांवरचे प्रायोगिक अभ्यास आहेत. काही रुग्णांना वेदनेत आराम वाटला, पण दाबकक्षाच्या ४० बैठका, रोज कोणीतरी घेऊन जाणे आणि आस्थेने विचारपूस होणे यांनीही वेदना कमी वाटू शकते. तेवढ्यावर चालू औषध बंद करणे मला धोकादायक वाटते.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगतो. आमवातात आणि क्वचित मेथोट्रेक्सेटमुळेही फुप्फुसांवर परिणाम होऊ शकतो. फुप्फुसात हवेची पोकळी असेल तर दाब उतरताना ती फुटण्याचा धोका असतो. आईंच्या छातीचा एक्स-रे न पाहता कोणी त्यांना कक्षात बसवणार असेल, तर तेथे जाऊच नका. कानाच्या पडद्याला इजा होणे आणि नजर काही काळ अधू होणे हे त्रास नेहमीचे आहेत, तर प्राणवायूमुळे झटका येणे क्वचित घडते.

नौपाडेकर

मी निवृत्त तंत्रज्ञ आहे. आधी डायलिसिस विभागात आणि नंतर रक्तपेढीच्या अफेरेसिस यंत्रावर (रक्ताचे घटक वेगळे करणारे यंत्र) अशी माझी २६ वर्षे गेली. मंजिरी, तुझ्या आईच्या प्रश्नाला नीट उत्तर द्यायला हवे, कारण तो प्रश्न एके काळी मोठमोठ्या संशोधकांनाही पडला होता.

आधी शब्द सुटे करू. 'रक्तशुद्धी' या एका नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी होतात. पहिली म्हणजे प्लाझ्मा बदलणे : रक्ताच्या पेशी वेगळ्या करून परत देतात, प्लाझ्मा टाकून देतात आणि त्याच्या जागी अल्ब्युमिन या रक्तातील प्रथिनाचे द्रावण भरतात. दुसरी म्हणजे प्लाझ्मा एका स्तंभातून (आत कण भरलेल्या गाळणीच्या नळीतून) फिरवून त्यातील प्रतिपिंडे चिकटवून घेणे. तिसरीत पांढऱ्या पेशीच गाळतात, आणि जपानमध्ये हे आमवातासाठीही वापरले गेले. तुझ्या भावाने केंद्राला सर्वांत आधी विचारावे की या तिन्हींपैकी ते नेमके काय करणार आहेत आणि गाळणीवर कोणते नाव छापलेले आहे. मला जी पत्रके दाखवण्यात आली आहेत, त्यांत हा तपशील कधीच नसतो.

प्लाझ्मा बदलण्याचा गणिती भाग असा आहे. मध्यम बांध्याच्या माणसात सुमारे तीन लिटर प्लाझ्मा असतो. तो एकदा पूर्ण बदलला तर त्यातील प्रतिपिंडे सुमारे ६३ टक्क्यांनी उतरतात. शंभर टक्के कधीच नाहीत, कारण नवे मिसळत असतानाच जुने निघत असते. त्यातही आय जी जी या जातीची निम्म्याहून अधिक प्रतिपिंडे रक्तवाहिन्यांच्या बाहेर, ऊतींत असतात आणि दोन दिवसांत तेथून पुन्हा रक्तात झिरपतात. ती तयार करणाऱ्या पेशी अस्थिमज्जेत आणि सुजलेल्या सांध्याच्या अस्तरातही बसलेल्या असतात, आणि त्यांना गाळणीचा स्पर्शही होत नाही. तुझ्या आईला सांग की नळ चालू ठेवून आपण मोरीतील पाणी उपसत आहोत.

ज्या आजारांत काही दिवसांची उसंत मिळाली तरी जीव वाचतो, तेथे हा उपचार अनमोल आहे. गियाँ-बारेमध्ये (प्रतिकारशक्ती मज्जातंतूंवर उलटते तो आजार) पाय लुळे पडलेला मुलगा किंवा मायस्थेनियात (स्नायू दुबळे होण्याचा आजार) श्वास अडकलेली बाई प्लाझ्मा बदलल्यावर सावरताना मी स्वतः पाहिली आहे. आमवात मात्र वर्षानुवर्षांचा आहे. १९८३ मध्ये आमवातावर याची अत्यंत काटेकोर परीक्षा झाली. त्याच रुग्णांना आळीपाळीने खरा आणि लुटुपुटुचा उपचार दिला गेला, आणि कोणता चालू आहे हे रुग्ण किंवा तपासणारे डॉक्टर दोघांनाही माहीत नव्हते. रक्ततपासणीचे आकडे सुधारले, सांधे सुधारले नाहीत. म्हणून केंद्राने उपचारानंतर उतरलेला आर ए फॅक्टर दाखवला तर त्यावर भाळू नका.

स्तंभाची गोष्ट वेगळी आहे आणि ती न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. प्रोसोर्बा नावाचा एक स्तंभ होता. त्यात सिलिकाच्या कणांवर प्रोटीन ए नावाचे जिवाणूंचे प्रथिन चिकटवलेले असे. १९९९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला आमवातासाठी परवानगी दिली. ज्यांना अनेक औषधांनी गुण आला नव्हता, अशा ९१ रुग्णांवर त्याची चाचणी झाली होती. आठवड्याला एक अशा १२ बैठका होत्या आणि अर्ध्या रुग्णांचा प्लाझ्मा स्तंभाला वळसा घालून परत दिला जात होता. खरा उपचार मिळालेल्यांपैकी ३१.९ टक्क्यांना गुण आला, खोट्या उपचारात ११.४ टक्क्यांना. म्हणजे परिणाम खरा होता, पण खरा उपचार मिळूनही तिघांपैकी दोघांना उपयोग झाला नाही. शिवाय हा स्तंभ एवढी थोडी प्रतिपिंडे काढत असे की गुण गाळण्यामुळे येत होता, असे म्हणताच येत नव्हते. प्रतिकारशक्तीवर काही वेगळाच परिणाम होत असावा, असे संशोधकांचे मत पडले. उपचारानंतर एक-दोन दिवस सांधे अधिक दुखत, थकवा येई, आणि ज्यांच्या हाताच्या शिरा चांगल्या नसत त्यांना मोठ्या शिरेत नळी घालावी लागे व तिच्यातून जंतुसंसर्गाचा धोका येई. त्याच सुमारास एटानरसेप्ट आणि इन्फ्लिक्सिमॅब ही जैविक औषधे (प्रतिकारशक्तीतील ठरावीक रेणू अडवणारी) आली, त्यांचा गुण बराच चांगला होता, आणि २००० च्या दशकातच प्रोसोर्बा बाजारातून गेला. इंटरनेटवर त्याची जुनी कौतुके अजून सापडतात, ती वाचताना हे लक्षात असू द्या.

एक प्रश्न : आई रक्तदाबासाठी कोणती गोळी घेतात?

मंजिरी_नेरूळ

नौपाडेकर काका, मनापासून आभार. मोरी आणि नळाचे उदाहरण आईला फोनवर वाचून दाखवले, आणि ती बराच वेळ काही बोलली नाही. आई रक्तदाबासाठी रॅमिप्रिल घेते. केंद्रात ही गोळी कोणी विचारली नव्हती, हे भावाला आता आठवते आहे.

नौपाडेकर

मग हे नीट वाच. रॅमिप्रिलच्या गटातील गोळ्या चालू असताना रक्त किंवा प्लाझ्मा अशा काही स्तंभांतून फिरवला तर शरीरात ब्रॅडिकायनिन हे रक्तवाहिन्या सैल करणारे द्रव्य साचते, आणि रक्तदाब एकाएकी कोसळू शकतो. त्यामुळे प्रोसोर्बासाठी हा गट स्पष्टपणे वर्ज्य होता. आमच्या विभागात यंत्राला हात लावण्यापूर्वी औषधांची यादी विचारणे हा पहिला नियम होता. ज्या ठिकाणी तो प्रश्नच विचारला गेला नाही, तेथे रक्त शरीराबाहेर काढू देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. रक्त गोठू नये म्हणून जे सायट्रेट वापरतात, त्याने कॅल्शियम उतरून ओठांभोवती मुंग्या येतात. ते वेळीच ओळखणारा माणूस शेजारी उभा असावा लागतो.

सुलभा_कळवा

मी हा धागा दोन दिवस वाचत होते. लिहावे की नाही, हे ठरत नव्हते. मला २२ वर्षांपासून आमवात आहे. आजार सुरू होऊन तिसरे वर्ष असताना मला एका ठिकाणी अशीच खात्री देण्यात आली. उपचार वेगळा होता, पण वाक्य हेच होते : औषधे विष आहेत, ती बंद करा. मी १४ महिने मेथोट्रेक्सेट घेतले नाही. पहिले दोन महिने मळमळ गेली म्हणून मला बरेच वाटले आणि मी मैत्रिणींनाही ते सांगितले. त्यानंतर सूज आली, तिला त्यांनी 'विष बाहेर पडते आहे' असे नाव दिले. उजव्या हाताची बोटे करंगळीकडे झुकली, मनगट अर्धे गोठले. त्यानंतर मी पुन्हा औषधांवर आले आणि आजार आटोक्यात आला, पण झुकलेली बोटे परत आली नाहीत. हाडाची जी झीज एक्स-रेवर दिसते, ती भरून येत नाही. आज हा मजकूर मी मोबाइलवर बोलून लिहीत आहे.

मंजिरी, आईच्या मळमळीकडे घरात कोणी गांभीर्याने पाहिले आहे का, हे विचारावेसे वाटते. मला त्या काळात कोणी विचारले असते, तर मी त्या केंद्रात गेलेच नसते. गोळीने मळमळत असेल तर तेच मेथोट्रेक्सेट कातडीखाली इंजेक्शनने घेता येते. १५ मिलिग्रॅमच्या वर गोळी नीट शोषली जात नाही, इंजेक्शन शोषले जाते, आणि अनेकींची मळमळही कमी होते. तेवढ्याने भागले नाही तर सल्फासलाझिन किंवा लेफ्लुनोमाइड जोडतात, आणि त्यापुढे जैविक औषधे आहेत. अॅडॅलिमुमॅब या जैविक औषधाचे जगातील पहिले समरूप औषध (बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधासारखेच बनवलेले) २०१४ च्या डिसेंबरात भारतातच आले आणि त्यानंतर किंमती उतरत गेल्या. ही औषधे सुरू करण्यापूर्वी क्षयाची तपासणी मात्र चुकवायची नाही. खाजगी खर्च झेपत नसेल तर परळच्या केईएममध्ये संधिवाताचा स्वतंत्र विभाग आहे. मी अनेक वर्षे कळव्याहून लोकलने तेथे जात होते. रांगेत वेळ जातो, पण तेथे तपासणाऱ्या डॉक्टरांनी दर वेळी माझा एकेक सांधा दाबून पाहिला आहे.

वाशीकर_पॅथ

सुलभाताई, हे लिहिल्याबद्दल तुमचे ऋण मानतो.

पत्रकाविषयी राहिले होते. औषधे आणि जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम १९५४ चा आहे, आणि ज्या आजारांवर खात्रीच्या उपचारांची जाहिरात करण्यास त्याने मनाई केली आहे त्यांच्या अनुसूचीत संधिवाताचा उल्लेख आहे. 'मुळापासून बरा' हे शब्द छापलेले पत्रक जपून ठेवा.

घणसोलीचा_प्रसाद

थोडा जोडप्रश्न. केंद्रात न जाता घरी वापरायच्या, आत झोपायच्या फुगवता येणाऱ्या दाबाच्या पिशव्या भाड्याने मिळतात, दाब १.३ वातावरणे सांगतात. माझ्या बहिणीलाही आमवात आहे. तो स्वस्त पर्याय ठरेल का?

करंजा_उरण

प्रसाद, हिशोब करून पाहा. साध्या हवेत २१ टक्के प्राणवायू असतो. दाब १.३ पट केला तर २१ गुणिले १.३ म्हणजे साधारण २७. तेवढा प्राणवायू रुग्णालयात नाकाला लावलेल्या साध्या नळीतूनही मिळतो. खऱ्या दाबकक्षात दोन ते अडीच वातावरणांचा दाब आणि शुद्ध प्राणवायू असतो, २.४ म्हणजे समुद्रात १४ मीटर खोल गेल्यासारखे आहे. अशा मऊ पिशव्यांना अमेरिकेत मान्यता मिळाली ती गिर्यारोहकांच्या उंचीच्या आजारासाठी.

पिशवीत बाहेरून प्राणवायूचे यंत्र जोडा असा सल्ला कोणी दिला तर तो अजिबात मानू नका. प्राणवायू कोंडलेल्या जागेत ठिणगी पडली तर माणसाला बाहेर काढायला वेळ मिळत नाही. १९९७ मध्ये इटलीत मिलान येथील रुग्णालयाच्या दाबकक्षात आग लागून ११ जण गेले. आमच्याकडे कक्षात जाताना काडेपेटी तर सोडाच, केसांचे तेल आणि कृत्रिम धाग्याचा कपडाही चालत नसे, आणि तपासणी आम्ही प्रत्येकाची करत असू, मग तो अधिकारी असला तरी.

मंजिरी_नेरूळ

सात आठवड्यांनी लिहीत आहे, उशिराबद्दल क्षमस्व.

मुदत ठेव मोडली नाही. भावाची समजूत घालणे सर्वांत कठीण गेले, कारण आईसाठी काहीतरी करून दाखवावे असे त्याला मनापासून वाटत होते आणि मी नेरूळला बसून नुसता विरोध करते आहे, असा त्याचा समज झाला होता. शेवटी मी वाद सोडला आणि काकांनी सुचवलेले दोन प्रश्न लिहून त्याच्या हाती दिले : गाळणीचे नाव काय, आणि रॅमिप्रिल चालू असताना हे करता येते का? तो एकटाच केंद्रात गेला. पहिल्याचे उत्तर मिळाले नाही, आणि दुसऱ्यावर 'गोळी दोन दिवस बंद ठेवा' एवढेच सांगितले गेले. संध्याकाळी घरी आल्यावर त्यानेच संधिवाततज्ज्ञांची वेळ घेतली.

डॉक्टरांनी दोन्ही हातांचे एक्स-रे काढले. डाव्या हाताच्या दोन सांध्यांत नवी झीज आहे, ती दोन वर्षांपूर्वीच्या एक्स-रेत नव्हती. मेथोट्रेक्सेट इंजेक्शनवर आणले, मात्रा २० केली आणि सल्फासलाझिन जोडले. मळमळीविषयी आईने त्यांना पहिल्यांदाच सांगितले; आजवर ती 'ठीक आहे' एवढेच म्हणत आली होती, आणि आम्हीही तेवढ्यावर थांबत होतो. सुलभाताई, हे तुमच्यामुळे झाले.

सकाळचा आखडलेपणा दीड तासावरून चाळीस मिनिटांवर आला आहे. सोमवारी ती आता भजनाला जाते. कुकरचे झाकण अजून वहिनीच उघडते. इंजेक्शन पोटावर स्वतः घ्यायला आई शिकली आहे. रविवारी रात्री जेवणानंतर ती घेते आणि कॅलेंडरवर पेनाने खूण करते, म्हणजे चुकून दुसऱ्यांदा घेतले जाऊ नये. आगाऊ भरलेल्या रकमेसाठी भावाने लेखी अर्ज दिला आहे, उत्तर आलेले नाही. रक्तपेशी आणि यकृताची पुढची तपासणी येत्या शनिवारी आहे, अहवाल आला की त्यातील आकडे येथे लिहीन.